आईचं दुखणं, बाबांचं दुखणं

जपानमध्ये बायका सरासरी ८७ वर्षं जगतात, पुरुष ८१. रशियात ही तफावत दहा वर्षांच्या घरात जाते. दारू आणि सिगारेट तिथल्या पुरुषांना लवकर नेतात. भारतात २०१६-२० च्या नमुना नोंदणीत बायकांचं आयुर्मान ७१.४, पुरुषांचं ६८.६. इटलीतल्या सार्डिनियाच्या डोंगराळ गावांत मात्र शंभरी गाठणारे पुरुष जवळपास बायकांइतकेच आढळले. म्हणजे निसर्गाइतकाच राहणीचाही यात हात आहे. आणि बहुतेक देशांत बायका जास्त जगतात, पण दुखणी काढत जगतात. म्हणून घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना एकच माप लावू नये.

काय करावे

• आईला जमिनीवरून उठताना नीट बघा. एक हात गुडघ्यावर, दुसरा दाराच्या चौकटीवर, मध्येच थांबून घेतलेला श्वास. विचारलं तर "काही नाही, वय झालं" म्हणेल. गुडघ्यांबरोबर रक्तही तपासा. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या, पुरुषाचं १३ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय.

• चुलीचा इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगा. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला आई नाही म्हणते आणि विषय तिथेच संपतो. पण निम्मं आयुष्य गोवऱ्या-लाकडांच्या धुरात गेलेलं असतं. असा धूर फुप्फुसं कायमची बिघडवतो, पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे, म्हणजे फुप्फुसांच्या या जुनाट आजाराकडे, लक्ष वेधलं होतं. धाप लागत असेल तर स्पायरोमेट्री ही फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी करून घ्या. मिश्रीची सवय असेल तर तीही सांगा, तोंड तपासून घ्या.

• अंग बाहेर येणं, खोकताना लघवी सुटणं याबद्दल लेकीने किंवा सुनेने एकांतात विचारावं. कित्येक जणी हे वर्षानुवर्षं लपवतात, लग्नाकार्याला जाणं सोडतात, पाणी कमी पितात. व्यायाम, आत बसवायची रिंग, ऑपरेशन असे उपाय आहेत. बाबा रात्री वारंवार उठत असतील तर प्रोस्टेट बघा.

• मोतीबिंदूच्या ऑपरेशनात आईला मागे ठेवू नका. तांदूळ निवडताना तिला खडा दिसत नसेल तर वेळ आलेली आहे.

• आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचंही काढा. ७० पूर्ण झालेल्यांसाठी ही सोय २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार.

काय टाळावे

• "छातीत कळ नाही, मग पित्तच असेल" असं म्हणू नका. हृदयविकाराच्या झटक्यात बायकांना धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, गळून जाणं ही लक्षणंही दिसतात. ओवा-सोडा देण्यात वेळ घालवू नका, लगेच ईसीजी काढा.

• ठिसूळ हाडं हा फक्त बायकांचा आजार समजू नका. खुब्याचं हाड मोडतं ते जास्त करून बायकांचं. पण मोडल्यानंतरच्या वर्षात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त असतं. न्हाणीघरातला धरायचा दांडा बाबांसाठीही हवा.

• बाबा गप्प आहेत म्हणजे बरे आहेत असं धरून चालू नका. नैराश्याची नोंद बायकांत जास्त होते, आत्महत्या मात्र जवळपास सगळ्या जगात म्हातारे पुरुष जास्त करतात. बायको गेल्यावरचे महिने फार जपायचे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनजवळ लिहून ठेवा; घरची माणसंही त्यावर बोलू शकतात.

• बाबांची झोपेची गोळी आईला देऊ नका. झोलपिडेम हे झोपेचं औषध बायकांच्या शरीरातून सावकाश उतरतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली बायकांसाठीचा डोस निम्म्यावर आणला.

• सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची आईची रीत चालू देऊ नका. डाळ, अंडं, दूध तिच्या ताटात आधी वाढा.

• दवाखान्यात आईच्या वतीने बाबांना किंवा मुलाला बोलू देऊ नका. शक्य असेल तिथे पाच मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.