चेन घराण्याच्या तीन पिढ्या

पूर्वजांची भाषा विसरलेला मनुष्य पूर्वजांच्या देशासही मुकतो काय? चेन या चिनी घराण्याच्या इतिहासावरून याचा विचार करूं.

चीनमधील ताइपिंगांचें बंड १८६४ सालीं मोडलें. त्यांत सामील झालेला एक गृहस्थ देशत्याग करून वेस्ट इंडीज बेटांकडे गेला. त्याचा पुत्र युजीन १८७८ सालीं त्रिनिदाद बेटांत जन्मला. इंग्रजी शिकून तो वकील झाला. चिनी भाषा मात्र त्यास अवगत नव्हती. १९११ सालीं चीनमध्यें राज्यक्रांति झाली, तेव्हां पुढल्याच वर्षीं तो त्या अपरिचित पितृभूमीच्या सेवेस गेला. पुढें तो परराष्ट्रमंत्री झाला. हँकौ शहरांतील इंग्रजांच्या ताब्यांतील वसाहत चीनकडे सोंपविण्याचा करार १९२७ सालीं त्यानेंच घडवून आणिला. इंग्रजांशीं वाद घालण्यास त्याची इंग्रजीच कामीं आली!

त्याच वर्षीं राजकारण पालटलें आणि त्यास मॉस्कोचा आश्रय घ्यावा लागला. १९४४ सालीं जपान्यांच्या अमलाखालील शांघाय शहरीं त्याचा अंत झाला. कन्या सीलान मॉस्कोंत नर्तकी झाली व पुढें अमेरिकेस गेली. पुत्र जॅक हा चित्रकार व लेखक. चीनमध्यें बरींच वर्षें काढून तोही अमेरिकेंत स्थायिक झाला. तेथील चिनी लोकांचा इतिहास त्यानें लिहिला. तो १९८० सालीं प्रसिद्ध झाला.

परदेशीं वाढलेलें मूल अडखळत मातृभाषा बोलूं लागलें, तर त्यास हंसूं नये. घरांत भाषा जतन करणें हें आईबापांचें कर्तव्य खरेंच. परंतु ती हातची गेली तरी ममता उरते, आणि ममता सेवेचा मार्ग शोधून काढते.