फिल्टर काढण्यापूर्वी

डिझेल गाडीच्या धुराच्या नळीतला काजळी अडवणारा फिल्टर जाम झाला की गॅरेजवाल्याकडे एक हुकमी उपाय असतो. मलाही कागजनगरात तोच मिळाला. "भाऊ, काढूनच टाकू ना! पिकअप वाढंल, ॲव्हरेज वाढंल."

माझी गाडी बीएस-6, पण बेज्जूरात तिची धाव किती? मंडल ऑफिस, बाजार, शेत. उरलेला वेळ एसी लावून झाडाखाली उभी. फिल्टरमधली काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला हवी. ते होत नाही, म्हणून इंजिन जादा डिझेल सोडतं. आपण मध्येच चावी फिरवतो आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. इंजिनचं ऑइल कमी होतं हे ठाऊक होतं. खुणेच्या वर चढलेलं तेव्हा पाहिलं.

फिल्टर मी काढू दिला नाही. बीएस-4 डिझेल कारला किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम कणांची मुभा होती. एप्रिल 2020 पासून ती 4.5 वर आली. ही घट मुख्यतः याच फिल्टरची कमाई. शिवाय असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. पीयूसी मिळालं म्हणजे गाडी स्वच्छ, या भरवशावर राहू नका. डिझेल गाडीचा तिथे फक्त धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. 2015 साली फोक्सवॅगनची चाचणीतली लबाडी उघड झाली ती याच वायूची. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं तपासणी केली आणि कंपनीनं भारतात 3 लाख 23 हजारांवर गाड्या परत बोलावल्या.

मग या फिल्टरच्या यंत्रणेनं पर्यावरणाचं भलं होतं का? फुप्फुसांचं नक्की होतं. तापमानवाढीला मात्र तिचा पुरता उतारा नाही: लिटरभर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतोच, फिल्टर असो वा नसो. काजळी जाळायला लागणारं डिझेल वेगळंच.

छोट्या फेऱ्यांत फिल्टर साफ होत नाही, म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्यानं डिझेलच्या नादी लागू नये, पेट्रोल घ्यावी. डिझेल दारात असेलच, तर फिल्टरचा दिवा लागताच गाडी आसिफाबादच्या मोकळ्या रस्त्याला लावा. मध्ये चहाला थांबू नका. ज्या गाड्यांना नायट्रोजन ऑक्साइड आवरणाऱ्या उत्प्रेरकासाठी युरियाची वेगळी टाकी असते, त्यांच्यात कापसाचा युरिया विरघळवून ओतणारे महाभागही आहेत. त्या खताला निंबोळी तेल चोळलेलं असतं. टाकीत लागतं ते शुद्ध पाण्यातलं 32.5 टक्के द्रावण. निंबोळीनं पीक साधेल, उत्प्रेरक नाही.

जुनी बीएस-6 डिझेल घेताना सायलेन्सर थंड असताना नळीत बोट फिरवा. फिल्टर धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं, तर भाव करत बसू नका.