हिवाळी बंदराचे छायाचित्र

झाशीच्या इलाइट चौराह्यावर मोठी वर्दळ असते. समुद्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. तेथून घरी परतलेल्या माणसास हिमाच्छादित बंदराचे छायाचित्र विसावा का देते? क्षितिज, धक्का आणि पाणी यांच्या आडव्या रेषांवर दृष्टी अडखळत नाही. शिवाय कॅमेऱ्याची झडप काही सेकंद उघडी ठेवली, की लाटा मिसळून पाणी धुक्यासारखे निश्चल भासते. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने तर १८५७ च्या सुमारास काही चित्रांसाठी सागर व आकाश निरनिराळ्या काचांवर टिपून एकत्र छापले. ही शांतता, म्हणजे, पुष्कळशी घडविलेली! धक्क्याला बांधलेली नाव कोळ्याच्या लेखी बुडालेला रोजगारही असू शकते. कोकणात जून-जुलैत किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या अशाच स्वस्थ दिसतात. घरांत मात्र जाळ्यांची डागडुजी चाललेली असते.