आधी वर्ग बघा, मग पैसे काढा
मीरा-भाईंदरच्या हौशी मोटरसायकल रेसरसाठी खर्चाचा आणि पात्रता-नियमांचा हिशेब

काशिमीऱ्याच्या नाक्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत चेन्नईला पोहोचतो. चेन्नई चाळीसेक किलोमीटर उरली की याच रस्त्यालगत इरुंगट्टुकोट्टई लागतं. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंगच्या फेऱ्या तिथे होतात. ज्या पोराला रात्री आपल्या हायवेवर गाडी पिळावीशी वाटते, त्याची खरी जागा त्याच हायवेच्या दुसऱ्या टोकाला आहे. इथे विनापरवानगी शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अंगावर गाडी आली तर काय होतं, ते सांगायला नको.

ट्रॅकवर जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो: किती पैसे लागतील? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधी दुसरा विचारायला हवा: कोणत्या वर्गात उतरणार, आणि त्या वर्गात आणखी कोणाकोणाला घेतात? वर्गाचे नियम नीट असतील तर दोन लाखांत खरी शर्यत मिळते. नियम ढिले असतील तर चार लाख घालूनही शेवटच्या रांगेतून दुसऱ्यांची पाठ बघत बसावं लागतं.

परवाना

भारतातल्या मान्यताप्राप्त शर्यतींचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय करते. तिचा स्पर्धा-परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वैद्यकीय दाखला, रक्तगटाची नोंद, मान्यताप्राप्त रेसिंग शाळेचं प्रमाणपत्र आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतिपत्र तयार ठेवा. शाळा बहुतेक चेन्नई आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर भरतात. कागदपत्रांचा खर्च काही हजारांत आटोपतो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो.

वर्ग निवडताना काय तपासायचं

*नवोदित कोण?* नोव्हिस वर्ग नव्यांसाठी असतो. पण तीन हंगाम दुसऱ्या गटात शर्यती मारलेला रेसर इथे ‘नवा’ ठरत असेल, तर तो वर्ग तुमचा नाही. व्याख्या किती हंगामांवर, किती शर्यतींवर की किती पोडियमवर बेतलेली आहे, ते नियमपुस्तिकेत वाचा. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी वरच्या वर्गात जाणं सक्तीचं आहे का, तेही बघा. ब्रिटनमध्ये क्लब रेसिंगचा नवखा रेसर अंगावर नारिंगी जाकीट घालतो आणि ठरलेल्या संख्येने शर्यती नीट पुऱ्या करून कार्डावर सह्या मिळवल्या की ते उतरवतो. कोण नवा, याचा वाद राहत नाही, कारण ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

*गाडी किती ‘स्टॉक’?* राष्ट्रीय स्पर्धेत १६५ सीसीपर्यंतचा प्रो-स्टॉक वर्ग आहे. २०२१ च्या अखेरीस टीव्हीएसने अपाचे आरटीआर १६५ आरपी आणली: १६४.९ सीसी, १९.२ पीएस, किंमत दिल्लीत एक्स-शोरूम १ लाख ४५ हजार, आणि काढल्या फक्त २०० गाड्या. नेहमीची आरटीआर १६० फोर-व्ही १७.५५ पीएसची. दोन्ही एकाच सीसी-मर्यादेत बसतात. अशी गाडी काढणं गैर नाही, सगळं जग असंच करतं. पण आज नव्याने येणाऱ्याला शोरूममध्ये न मिळणारी गाडी वर्गाला चालत असेल, तर वर्गाची किंमत ती गाडी ठरवते. म्हणून कोणती मॉडेल्स पात्र आहेत आणि इंजिन, एक्झॉस्ट, ईसीयू, सस्पेन्शन यांतलं काय बदलता येतं, ही यादी हातात घेतल्याशिवाय जुनी गाडी विकत घेऊ नका.

*वजनाचं काय?* समजा गाडी १३५ किलोची आहे. सामानासह ६० किलोचा रेसर बसला तर एकूण १९५, ८५ किलोचा बसला तर २२०. म्हणजे जवळजवळ १३ टक्के जास्त वजन तेच छोटं इंजिन ओढतं. जागतिक मोटो३ मध्ये म्हणूनच गाडी आणि रेसर मिळून किमान १५२ किलो भरावे लागतात. तुमच्या वर्गात केवळ गाडीचं वजन करतात की दोघांचं मिळून, हे विचारा. तुम्ही अंगाने भरलेले असाल तर मोठ्या इंजिनाचा वर्ग जास्त न्याय देतो.

*‘लोकल’ म्हणजे कुठला?* पुणे-नाशिककडच्या अनेक डर्ट स्पर्धांत स्थानिकांसाठी वेगळा वर्ग असतो. नवख्याला तो सोयीचा, कारण प्रवास कमी आणि गाडी साधी चालते. मीरा रोडचा पत्ता तिथे ‘लोकल’ धरतात का, हे प्रवेश-फी भरण्याआधी आयोजकाकडून लेखी घ्या.

*वय.* ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय फेरीत बेंगळुरूचा १३ वर्षांचा गुणी रेसर अपघातात गेला. मोटो३ मध्ये काही अपवाद ठेवून किमान वय १६ वरून १८ वर नेलं गेलं तेही २०२३ पासूनच, आणि त्यामागेही कोवळ्या रेसर्सचे मृत्यू होते. आई-वडिलांनी लक्षात ठेवावं, की नियमाने मूल पात्र ठरलं म्हणजे ते तयार झालं असं होत नाही. किती गाड्या एकत्र सोडतात आणि वेगात किती फरक असलेले रेसर एका वेळी ट्रॅकवर असतात, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

एका हंगामाचा ढोबळ हिशेब

हे आकडे नियोजनासाठी धरायचे आहेत. दर दुकानागणिक आणि स्पर्धेगणिक बदलतील.

• रेसिंग शाळा, दोन दिवस: २० ते ३० हजार
• हेल्मेट: १५ ते २५ हजार
• लेदर सूट: ३५ ते ६० हजार
• ग्लोव्हज आणि बूट: १५ ते २५ हजार
• पाठीचं संरक्षक कवच: ५ ते १० हजार
• रेल्वे, मुक्काम, जेवण, चार फेऱ्या: ४८ ते ७२ हजार

परवाना, प्रवेश-फी आणि पडझडीची तरतूद धरून हा हिशेब दीड ते अडीच लाखांवर जातो. कंपनीच्या वन-मेक स्पर्धेत, जिथे गाडी कंपनी देते, साधारण एवढ्यात भागतं.

स्वतःची गाडी न्यायची असेल तर वर आणखी धरा:

• जुनी १५० ते १६५ सीसी गाडी: ७० हजार ते १ लाख २० हजार
• तयारी: ५० हजार ते दीड लाख
• टायर, टेम्पो, मेकॅनिक: दर फेरीला १५ ते २५ हजार

म्हणजे हंगामाचा आकडा सव्वातीन ते सव्वासहा लाखांच्या दरम्यान जातो. नवी गाडी घेणार असाल तर कराकडेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के आहे.

विमा

गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी मोडली तर खर्च तुमचाच. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत साहसी खेळ ‘व्यावसायिक’ म्हणून खेळताना झालेली दुखापत वगळली आहे, आणि त्यात मोटर रेसिंगचं नाव स्पष्ट आहे. मग बक्षिसाची रक्कम किंवा प्रायोजकाचा टायर घेतलेला हौशी रेसर हौशी राहतो का? हे विमा कंपनीला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असतात, त्या स्वतंत्र वाचा.

पैसे भरण्याआधी आयोजकाला पाच प्रश्न

१. यंदाची नियमपुस्तिका आणि पात्र गाड्यांची यादी मिळेल का?
२. गेल्या हंगामातले पहिले तीन रेसर यंदा कोणत्या वर्गात आहेत?
३. शर्यतीनंतर विजेत्यांची इंजिनं उघडून मोजतात का, आणि निकाल फलकावर लावतात का?
४. तक्रारीची अनामत किती, मुदत किती? मुदत साधारण अर्ध्या तासाची असते. तक्रार खरी ठरली तर अनामत परत मिळायला हवी.
५. हंगामाच्या मध्ये नियम बदलला तर फी परत मिळते का?

तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही तर त्या वर्गात स्वतःची गाडी नेऊ नका. अमेरिकेतल्या काही हौशी स्पर्धांत यावर साधा उपाय आहे: ठरलेली रक्कम मोजून कोणताही स्पर्धक विजेत्याचं इंजिन विकत मागू शकतो. मग स्वस्त वर्गात महागडं इंजिन आणायचा मोहच राहत नाही. आपल्या क्लबांनीही हा उपाय करून बघावा.

आमचा सल्ला

पहिलं वर्ष वन-मेकमध्ये घालवा. टीव्हीएसची अशी स्पर्धा १९९४ पासून चालू आहे आणि २०१६ पासून तिच्यात मुलींचा वर्ग आहे. रॉयल एन्फिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्यात हौशी रेसर्सची व्यावसायिकांपासून वेगळी गणना होऊ लागली. दोन्हींत निवड-चाचणीतल्या लॅप टाइमवर जागा मिळते. सगळ्यांची गाडी एकच असल्यामुळे वर्षाअखेरीस आपण किती पाण्यात आहोत ते कळतं, आणि ते कळायला दीड ते अडीच लाख ही रास्त किंमत आहे. स्वतःच्या गाडीचा खर्च दुसऱ्या वर्षी करा, तोही नियमपुस्तिका दोनदा वाचून.

आयोजकांना एक विनंती. मीरा रोडच्या दीड खोलीच्या घरातून पोरगं दोन लाख घेऊन येतं, तेव्हा त्यात कोणाचा तरी भविष्यनिर्वाह निधी असतो. त्याला जिंकण्याची हमी कोणी मागत नाही. शेजारच्या रांगेतला गडी खरोखर त्याच्याच वर्गातला आहे, एवढी खात्री मात्र त्याला द्या.