आधी दोन ओळी, मग कोड

प्रकल्प सगळ्यांसाठी खुला करते आहेस, फार चांगलं करते आहेस. मुख्य फोल्डरमध्ये लायसन्सची फाईलही ठेवलीस. पण तेवढ्यावर थांबू नकोस. लोक अख्खा प्रकल्प क्वचितच नेतात. कामाची एखादी फाईल उचलतात आणि आपल्या कोडमध्ये बसवतात. तिच्यात काही लिहिलेलं नसेल, तर ती कुणाची आणि वापरायची मुभा आहे का, हे पुढच्याला कळणार कसं? आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि नोंदणी नसली तरी त्यावर हक्क असतो. म्हणून परवानगी लिहिलेली नसेल, तर सुज्ञ माणूस ती फाईल वापरतच नाही.

प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला टिप्पणी म्हणून दोन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत कॉपीराइट, प्रथम प्रकाशनाचं वर्ष आणि हक्कधारकाचं नाव. दुसरीत ‘एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर’ आणि पुढे परवान्याचं ठरलेलं लघुनाव. ही ओळ यंत्रही वाचतं, तेव्हा रोमन लिपीत, स्पेलिंग न बदलता लिही. स्क्रिप्टची पहिली ओळ इंटरप्रिटर सांगणारी असेल तर ती तिथेच राहू दे, आपली नोंद तिच्याखाली.

जीपीएल परवाना घेतलास तर ‘फक्त हीच आवृत्ती’ की ‘ही किंवा पुढची’, ते आधी ठरव. लिनक्स कर्नल एकूणात फक्त दुसऱ्या आवृत्तीवर आहे. हा फरक मोघम ठेवलास तर पुढे वाद होतात.

नाव लिहिण्याआधी हक्क कुणाचा ते बघ. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनीच असते. घरी रात्री लिहिलेलं असलं तरी करारपत्र एकदा नीट वाच, शंका आली तर लेखी विचारून घे.

दुसऱ्याची नोंद कधीही पुसू नकोस. एमआयटी परवाना एवढंच मागतो की मूळ नोंद प्रतीसोबत राहावी. अपाचे २.० सांगतो, फाईल बदललीस तर बदलल्याचं ठळकपणे लिही. आपलं नाव मूळ हक्कधारकाच्या नावाखाली घाल. फुकट मिळालेल्या श्रमाची परतफेड आपण एवढीच करू शकतो, ती तरी मनापासून करावी.

चित्रात किंवा फॉन्टमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही. युरोपच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या ‘रीयूज’ पद्धतीत यावर सोपी वाट आहे: त्याच नावाची, शेवटी ‘डॉट लायसन्स’ जोडलेली छोटी फाईल शेजारी ठेवायची. त्यांची ‘रीयूज लिंट’ ही आज्ञा चालवलीस की कुठे नोंद करायची राहिली ते लगेच दिसतं. कोड सर्व्हरवर चढवताना ही तपासणी आपोआप होईल असं बघ.

आणि हे सगळं पहिल्या फाईलपासून कर. लिनक्स कर्नलमध्ये हजारो फायलींवर परवान्याची ओळच नव्हती. २०१७ साली जाणकारांना बसून एकेकीचा परवाना ठरवावा लागला. त्यांच्याकडे माणसं होती, तू एकटी आहेस. पाच वर्षांनी कुणी काय लिहिलं ते शोधत बसण्यापेक्षा नव्या फाईलचा साचा आजच बनव, आणि त्यात या दोन ओळी आधीच टाकून ठेव.