दहा अक्षरांची ओळ: गेमबॉयच्या पडद्यावर मराठी

निन्टेन्डोने 1989 साली जपानमध्ये आणलेल्या गेमबॉयचा पडदा 160 ठिपके रुंद आणि 144 ठिपके उंच. रंग नाहीत, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा, बस्स. ‘टेट्रिस’ त्यावर इतका रंगतो, कारण चौकोन पडायला आणि ओळ नाहीशी व्हायला याहून जास्त काही लागतच नाही.

पण जुने गेम खेळणं हा त्यातला अर्धाच आनंद. उरलेला होमब्रूचा, म्हणजे कंपनीबाहेरच्या माणसांनी हौसेने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचा. (विकाऊ गेमची चोरून केलेली प्रत म्हणजे होमब्रू नव्हे. लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात.) योहान कोटलिन्स्की यांच्या ‘लिटल साउंड डीजे’ने या खेळण्याचं चक्क वाद्य केलं. ख्रिस मॉल्टबी यांचं ‘जीबी स्टुडिओ’ 2019 मध्ये आलं, तेव्हापासून प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही गोष्ट रचून गेमबॉयवर चालवता येते. मग आपल्या मंडळाला साहजिक प्रश्न पडतो: ती गोष्ट मराठीत का नको?

अडचण यंत्राच्या पोटात आहे. गेमबॉय चित्र ठिपक्यांनी नाही, 8×8 ठिपक्यांच्या फरश्यांनी मांडतो. आडव्या 20, उभ्या 18. रोमन अक्षर एका फरशीत आरामात बसतं. देवनागरीला मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. ‘ज्ञ’ किंवा ‘ष्ट’ आठ ठिपक्यांत काढून बघा, नुसता डाग दिसतो. म्हणून एका अक्षराला चार फरश्या, म्हणजे 16×16 ठिपके द्यावे लागतात. ओळीत 10 अक्षरं, पडद्यावर 9 ओळी.

पार्श्वभूमीसाठी एका वेळी 256 फरश्या वापरता येतात, म्हणजे 64 वेगळी अक्षरं. एकट्या ‘क’चीच बाराखडी बारा! तेव्हा त्या पानाला लागतील तेवढीच अक्षरं कार्ट्रिजमधून उचलायची, हा शहाणा मार्ग. समजा 400 अक्षरं जोडाक्षरांसह काढली. चार छटांत साठवली तर प्रत्येकी 64 बाइट, एकूण 25,600. अख्खा ‘टेट्रिस’ 32 किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मावला होता, हे लक्षात घ्या. पण अक्षराला काळा-पांढरा एवढंच पुरतं, मग जागा निम्मीच लागते. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे: शिरोरेघ. फरशीच्या कडेपर्यंत ओढली की शेजारच्या अक्षराला आपोआप जोडली जाते.

मात्रा वेगळ्या ठेवून प्रोग्रामकडून जोडून घ्यायचा मोहही होतो. तिथे पहिली वेलांटी नडते. साठवताना ती व्यंजनानंतर येते, काढताना आधी. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो.

एवढी खटपट करण्यापेक्षा मराठी रोमनमध्ये टाइप करावी, असं कुणीही म्हणेल. थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते रोमन लिपीतच. देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. त्यांचा नाइलाज होता. आपल्याकडे खिळे ओतायचे नाहीत, ठिपके भरायचे आहेत, तेही संगणकावर, फुकट. म्हणून आज रोमनची पळवाट मला तरी पटत नाही.

मजकूर मात्र पारखून घ्यावा. गद्य परिच्छेद टाकला तर वाचणारा ‘ए’ बटण दाबून दाबून वैतागेल. जात्यावरची ओवी या नऊ ओळींत ऐसपैस बसते. म्हणी, उखाणे, कोडी तर फारच छान. कोडं एका पानावर, उत्तर बटण दाबल्यावर. संगणकावर इम्युलेटरमध्ये आधी तपासा, मग फ्लॅश कार्ट्रिजवर चढवून खऱ्या यंत्रात बघा. उजेडाकडे धरून बघा. त्या पडद्याला स्वतःचा दिवा नाही, आणि बारीक अनुस्वार सगळ्यात आधी हरवतो.