न्यूमोनियातील विष आणि त्यावरील प्रतिपिंड

आपल्या रुग्णालयाचे देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. महागडी प्रतिजैविके दिली, जंतू आटोक्यात आले, तरीही न्यूमोनियाचा रुग्ण कधी कधी का दगावतो? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि औषधांचा हिशेब ठेवणाऱ्याने हे समजून घेतलेच पाहिजे, या भावनेने डॉक्टरांकडून जे उमगले ते येथे मांडीत आहोत.

काही जंतू विष निर्माण करतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे अल्फा विष फुप्फुसातील पेशींना छिद्रे पाडते आणि तेथील रक्षक पेशींना दुबळे करते. न्यूमोकॉकसचे विष तर मुख्यत्वे जंतू मरून फुटल्यावर बाहेर पडते. म्हणजे प्रतिजैविकाने जंतू मारला, तरी विषाची बाकी शिल्लक राहते. शिवाय रक्षक पेशी दुबळ्या झाल्या की दुसऱ्या जंतूंचेही फावते. यालाच मिश्र संसर्ग म्हणतात. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीत विषाणूने वाट करून दिली, पण जगभर बहुसंख्य बळी घेतले ते मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले.

विषावर प्रतिविष ही कल्पना जुनीच. १८९० मध्ये बेहरिंग व कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वाताच्या विषाविरुद्ध रक्तद्रवाचा उपयोग दाखविला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा १९६६ मधील आरंभही घोड्यांच्या रक्तद्रवापासून केलेल्या धनुर्वाताच्या प्रतिविषाने झाला. आता प्रयोगशाळेत घडविलेल्या एकाच जातीच्या प्रतिपिंडांचा प्रयत्न चालू आहे. २०१६ च्या एका अभ्यासात अल्फा विषाविरुद्धच्या प्रतिपिंडाने उंदरांच्या फुप्फुसातील इतर जंतूही कमी झाले. मग युरोपातील अतिदक्षता विभागांत, कृत्रिम श्वासावरील रुग्णांवर, सुव्रॅटॉक्सुमॅब या प्रतिपिंडाची चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औषध दिलेल्या ९६ पैकी १७ जणांना, तर न दिलेल्या १०० पैकी २६ जणांना न्यूमोनिया झाला. आमच्यासारख्याला हा फरक घसघशीत वाटतो. परंतु एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्र सांगते.

म्हणूनच ‘ते नवे इंजेक्शन आणा, पैसे आम्ही देतो’ असे कोणी आपुलकीने म्हणाले, तर आम्ही नम्रपणे नकार देतो. ती रक्कम प्राणवायूच्या सोयीकडे वळविण्याची विनंती करतो. बालकांसाठी न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत तीन मात्रा असतात.

डोंगरकडा परिसरात हळद शिजविण्याची घाई असली की दुखणे अंगावर काढले जाते, हे आम्ही जाणतो. तरीही खोकला असलेले दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतचे मूल मिनिटाला ५० किंवा अधिक, अथवा एक ते पाच वर्षांचे मूल ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी घेऊन यावे. ओठ निळसर दिसल्यास रात्रीचीही वेळ पाहू नये.